पाण्यात काय बुडवावं, काय बुडवू नये

बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढेच्या शिवारात दोन पिढ्यांच्या विहिरी दिसतात. एक पणजोबांच्या वेळची, काळ्या दगडात बांधून काढलेली. दुसरी अलीकडची, सिमेंटची कडी एकावर एक उतरवलेली. जुन्या विहिरीत वाकून पाहिलं की दगडांच्या फटींतून नेचे डोकावतात, पाण्याच्या रेषेवर शेवाळाची हिरवी किनार असते, एखादा खेकडा सांदीत सरकतो. पाणी नितळ असेल तर बोटाएवढे मासे दगडाला तोंड लावून काहीतरी खरवडताना दिसतात. कड्यांच्या विहिरीत यातलं फारसं काही नसतं. पाणी दोन्हींत त्याच खडकातून झिरपलेलं, ऊन तेच, पाऊस तोच. वेगळी आहे ती भिंत.

शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा, म्हणून हे लिहितो आहे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि विदर्भ-मराठवाड्यात पन्नी अंथरलेली तळी जागोजागी दिसू लागली. तळं भरलं की श्रावणात रोहू-कटल्याची बोटुकली सोडायची आणि फळबागेला पाणी देता देता उन्हाळ्याच्या तोंडावर मासे काढायचे, हे आता आपल्याकडेही रुळलं आहे. मग कोणीतरी सांगतं की माशांना आसरा हवा. आसरा म्हणून हाताशी असेल ते तळ्यात जातं : ट्रॅक्टरचे टायर, गंजके पत्रे, फवारणीच्या औषधाचे ड्रम, फुटके सिमेंटचे खांब. हेतू चांगला असतो. पण पाण्यात गेलेली वस्तू नुसती पडून राहत नाही. ती विरघळते, कुजते, गंजते, नाहीतर तिच्यावर काहीतरी उगवतं. यातलं काय घडेल ते ती वस्तू कशाची बनली आहे यावर ठरतं.

समुद्राचा धडा

आपल्यापासून समुद्र फार लांब. तरी या विषयातला सगळ्यात मोठा अनुभव समुद्रातलाच आहे, म्हणून आधी तिकडे जाऊन येऊ. किनाऱ्याजवळच्या तळावर दगड किंवा सिमेंटचे ठोकळे मुद्दाम उतरवायचे, त्यांच्यावर शेवाळ, शिंपले, कालवं, प्रवाळ वाढू द्यायचे आणि त्यांच्या मागोमाग मासे यायची वाट पाहायची. याला कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणतात. मुंबईत वरळी कोळीवाड्याजवळच्या समुद्रात २०२४ मध्ये असे दोनशेहून जास्त ठोकळे सोडले गेले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था हे काम कितीतरी आधीपासून करते आहे, आणि तिथे वापरलेल्या ठोकळ्यांच्या प्रकारांत एक आहे चक्क विहिरीची कडी. आपल्या गावच्या विहिरीत उतरते तशाच घडणीची. तीच कडी विहिरीत ओकीबोकी आणि समुद्रात माशांचं घर कशी होते, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. त्याचं उत्तर पुढे येईल.

चुकांचे धडे तर जास्त मोलाचे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७२ मध्ये सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकले गेले. कचरा जाईल आणि माशांना घर मिळेल, असा दुहेरी हिशेब होता. टायर हलके, वाकणारे, गुळगुळीत. त्यावर प्रवाळ धड धरेना. ज्या पट्ट्यांनी आणि आकड्यांनी टायर एकत्र बांधले होते ते तुटले, टायर वादळात मोकळे झाले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळांवर घासत सुटले. पस्तीस वर्षांनी लष्कराचे पाणबुडे लावून ते बाहेर काढायची वेळ आली, आणि ते काम वर्षानुवर्षं चाललं. डेलावेअर राज्याजवळ २००१ पासून न्यूयॉर्कच्या जुन्या भुयारी रेल्वेचे डबे बुडवले. जाड साध्या पोलादाचे डबे टिकले, त्यांच्यावर जीव वाढले. पुढे पातळ स्टेनलेस स्टीलचे डबे टाकले, ते मात्र थोड्याच काळात खिळखिळे होऊन कोसळले. वरून पाहता स्टेनलेस जास्त टिकाऊ वाटतं. खाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा निघाला.

आपल्या घरचं उदाहरण मुरूडच्या समुद्रातल्या पद्मदुर्गाचं. शिवकाळात बांधलेल्या या किल्ल्याच्या तटाचे दगड लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेले आहेत, पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा पुढे आलेला दिसतो. पाहणारा थक्क होतो, कारण दगड पक्का आणि चुना कच्चा असंच आपण मानत आलो. पाण्यात कोण टिकेल याचा अंदाज कोरड्या जमिनीवर उभं राहून बांधू नये, एवढं त्या तटावरून मी शिकलो.

वस्तू बुडाल्यावर काय होतं

कोणतीही वस्तू पाण्यात गेली की काही तासांतच तिच्यावर एक अदृश्य चिकट थर बसतो. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय कण आणि जिवाणू मिळून तो तयार होतो. मग त्यावर डायटम नावाच्या तपकिरी, काचेच्या कवचाच्या सूक्ष्म वनस्पती येतात, त्यानंतर हिरवं शेवाळ, त्यात राहणारे सूक्ष्म प्राणी, डासासारख्या माश्यांच्या लाल अळ्या, गोगलगायी. दोन-तीन आठवड्यांत बोटाला बुळबुळीत लागणारा हा थर म्हणजे माशाचं ताट. रोहू हा असा थर खरवडून खाणारा मासा आहे. कटला पाण्यातले तरंगते जीव गाळून खातो, मृगळ तळाचं चरतो. म्हणून पाण्यात बांबू किंवा काड्या उभ्या केल्या तर खरा फायदा रोहूला होतो.

समुद्रात हाच क्रम पुढे जाऊन कालवं, शिणाणे, स्पंज, प्रवाळ यांच्यापर्यंत पोचतो. गोड्या पाण्यात तो बहुधा शेवाळ, अळ्या आणि गोगलगायींपाशी थांबतो. पण पहिली पायरी दोन्हीकडे सारखीच, आणि तिच्या अटीही सारख्या. खरखरीत पृष्ठभाग गुळगुळीतापेक्षा चांगला, कारण खाचेत बी अडकतं आणि लाटेने किंवा माशाच्या ढुशीने सगळंच धुऊन जात नाही. वस्तूतून विषारी द्रव्य झिरपू नये. ती हलू नये. उजेड पोचावा.

यातली उजेडाची अट आपल्याकडे सर्रास विसरली जाते. पहिल्या पावसाचं पाणी तळ्यात येतं तेव्हा ते लालसर गढूळ असतं. त्यात फूटभर खालीही उजेड जात नाही. तेव्हा तळाशी काहीही टाका, त्यावर शेवाळ धरणार नाही. पाणी निवळू द्यावं. मत्स्यशेती करणाऱ्यांची एक जुनी खूण आहे : हात सरळ पाण्यात बुडवायचा, कोपर पाण्याला टेकेपर्यंत, आणि तळवा दिसतो का पाहायचं. तळवा कोपराच्या आसपास दिसेनासा झाला आणि पाण्याला हिरवट छटा असेल तर पाण्यात खाद्य चांगलं तयार झालेलं आहे. हिरवट छटा नसून चिखलाचा रंग असेल तर थांबावं.

दगड : फुकटचा आणि उत्तम

आपल्याकडे प्रत्येक विहिरीच्या काठाला दगडांचा ढीग असतो. विहीर खोदताना निघालेला हा काळा बेसाल्ट ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, लाखो वर्षं पाणी पचवलेला. तो पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, सहजासहजी बदलत नाही. त्यातून माशाला बाधेल असं काही झिरपत नाही. अंगावर बुडबुड्यांची भोकं असलेला दगड मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्या भोकांत शेवाळ लवकर धरतं. मुरूम मात्र टाकू नका. तो पाण्यात फुटतो, भुगा होतो आणि पाणी परत गढूळ करतो.

ढीग रचताना नारळाएवढे आणि त्याहून मोठे गोटे घ्यावेत, बारीक खडी मिसळू नये. खडी मिसळली की फटी बुजतात, आणि फटी बुजल्या की दगडाचा अर्धा उपयोग गेला. फटीत मूठ जाईल इतकी जागा असली की बोटुकली तिथे लपतात. पाणकावळा आणि खंड्या दिवसभर तळ्यावर घिरट्या घालतात, आणि उघड्या गुळगुळीत पन्नीवर बोटुकलीला दडायला जागाच नसते. दगडाचा ढीग हा त्यांचा किल्ला. याच कामासाठी जुन्या घराची उतरवलेली कवेलूही चांगली. भाजलेली माती खरखरीत असते, झिरपून काही सोडत नाही आणि कवेलूची वळणदार पाठ आयती बोगदा होते. फुटकी मडकीही चालतात. रंग दिलेली, तेल लागलेली किंवा झिलईदार टाइल मात्र नको.

पन्नीच्या तळ्यात दगड टाकताना घाई केली तर सगळं तळंच हातचं जाईल. ट्रॉली मागे घेऊन दगड ओतणं म्हणजे पन्नीला भोकं पाडणं. तळं रिकामं असताना, एप्रिल-मेमध्ये, जिथे ढीग करायचा तिथे आधी जुन्या पन्नीचे दोन-तीन पदर आणि वर गोणपाट अंथरावं. धारदार कपऱ्या बाजूला काढून गोलसर गोटे हाताने ठेवावेत. ढीग उताराला टेकवू नये, तळावर सपाट जागी ठेवावा. गुडघ्याएवढी उंची पुरे.

बांबू, तुऱ्हाट्या आणि इतर लाकूड

दगड आसरा देतो, पण तळाशी असल्याने त्यावर ऊन कमी पडतं. माशाचं ताट वाढवायचं तर पाण्याच्या वरच्या मीटर-दीड मीटरात काहीतरी उभं किंवा टांगलेलं हवं. बांगलादेशात नद्यांमध्ये झाडांच्या फांद्या रोवून मासे धरण्याची ‘काठा’ नावाची जुनी पद्धत आहे. आफ्रिकेत बेनिनच्या खाडीतल्या लोकांची ‘अकाजा’ त्याच जातीची. याच पद्धतींचा आधार घेऊन बांगलादेशातल्या संशोधकांनी तळ्यांत बांबूच्या काठ्या रोवून पाहिल्या. बांबूवर शेवाळाचा थर चांगला धरला आणि रोहूचं उत्पादन बिनकाठीच्या तळ्यापेक्षा ठळकपणे वाढलं. रोहू-कटला एकत्र ठेवताना साधारण साठ-चाळीस असं प्रमाण त्यांना फायद्याचं दिसलं, कारण रोहू काठीवरचं खातो आणि कटला पाण्यातलं.

तिथल्या चाचण्यांत काठ्यांचा एकूण पृष्ठभाग जवळजवळ तळ्याच्या पाण्याच्या पृष्ठभागाइतका ठेवलेला असायचा. आपल्याला ते परवडेल का, याचा हिशेब मांडून पाहू. तळं ३० बाय ३० मीटरचं आणि ३ मीटर खोल धरू; उतार एकास एक असेल तर त्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे बावीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. पाण्याचा वरचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. पाच सेंटिमीटर जाडीचा बांबू पाण्यात दोन मीटर बुडला तर त्याचा पृष्ठभाग होतो साधारण ०.३ चौरस मीटर. म्हणजे शंभर बांबूंनी तीस-एकतीस चौरस मीटर. नऊशेच्या मानाने काहीच नाही, आणि शंभर बांबूंचा खर्चही छोटा नाही.

इथे तूर कामाला येते. आपल्या भागात तूर सगळीकडे होते आणि मळणीनंतर तुऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. एक सेंटिमीटर जाडीच्या, दीड मीटर लांबीच्या पन्नास तुऱ्हाट्या घेतल्या तर त्यांचा पृष्ठभाग होतो सुमारे २.४ चौरस मीटर, म्हणजे एक सैल पेंढी सात बांबूंचं काम करते. चाळीस पेंढ्या केल्या तर तळ्याच्या पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्श्याएवढी भर पडते. त्यावर माशांचं सगळं पोट भरेल असं मी म्हणणार नाही. पेंड आणि कोंडा घालावाच लागेल. पण घातलेल्या खाद्याला जोड मिळते आणि बोटुकली पहिल्या महिन्यात कमी मरतात.

पेंढी घट्ट बांधायची नाही. घट्ट बांधली तर आतल्या काड्यांना ऊन मिळत नाही आणि आत मासा शिरत नाही. मधोमध एकच गाठ मारावी म्हणजे दोन्ही टोकं पंख्यासारखी फुलतात. तुऱ्हाटी पूर्ण वाळलेली, पाने-शेंगा झाडलेली हवी. ओला पाला पाण्यात गेला की तो कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. श्रावणात आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिलं की पहाटे आधीच प्राणवायू कमी असतो. त्यात कुजणारा पाला मिळाला तर सकाळी मासे पाण्यावर तोंड काढून उलथेपालथे झालेले दिसतील. तुऱ्हाटी पाच-सहा महिन्यांत मऊ पडते, म्हणजे एका हंगामापुरती. बांबू त्याहून बराच जास्त टिकतो. तळ्याच्या मधल्या चौकटीला बांबू आणि त्याला टांगायला तुऱ्हाट्या, अशी जोडी मला सगळ्यांत सोयीची वाटते.

पऱ्हाटीचं काय, असं कापूसवाले विचारतीलच. पऱ्हाटी पाण्यात घालू नका. तिच्यावर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात आणि काही कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक आहेत. शिवाय गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी वेळेत शेतातून काढून नष्ट करायची असते, ती सांभाळून ठेवण्यात दुहेरी नुकसान आहे. तुरीवरही फवारणी होते, तेव्हा शेवटच्या फवारणीनंतर पुरेसे दिवस गेलेली, उन्हात तापलेली आणि पावसात एकदा भिजून वाळलेली तुऱ्हाटीच घ्यावी.

बाभळीच्या फांद्या वापरायच्या असतील तर साल काढा. बाभळीच्या सालीने चामडं कमावतात ते तिच्यातल्या टॅनिनमुळे; तेच पाणी काळपट करतं. हिंगणबेटाची साल आणि फळं किंवा शेराची फांदी चुकूनही नको. नदीच्या डोहात मासे गुंगवायला जुने लोक हीच झाडं वापरत, हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. रंगवलेलं, डांबर फासलेलं किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूडही बाहेरच राहू द्या.

सिमेंट : दोष घाईचा

सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होतं तेव्हा त्यातून चुना सुटतो. ताज्या सिमेंटच्या आतल्या पाण्याचा सामू १२ ते १३ पर्यंत जातो. माशांना साधारण साडेसहा ते साडेआठ मानवतो, नऊच्या पुढे त्रास सुरू होतो. सामू चढला म्हणजे आणखी एक संकट : पाण्यात माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होत असतो, आणि चढत्या सामूत त्याचा विषारी भाग वाढतो. आपल्या जिल्ह्यातलं लोणार सरोवर हे अल्काच्या जोराचं जिवंत उदाहरण. त्याच्या पाण्याचा सामू पूर्वापार १० च्या आसपास असे. सूक्ष्म जीव आणि शेवाळ तिथे भरपूर असत, मासे नसत.

ही चूक माझ्या हातून झाली आहे. बोटुकली दोन-चार दिवस ठेवायला घराजवळ छोटा हौद होता. त्यात त्यांना सावली म्हणून नव्या कडीचे दोन तुकडे ठेवले. जेमतेम आठवडाभरापूर्वी ओतलेली कडी. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी बोटुकली पांढरी होऊन तरंगत होती. बीज खराब निघालं असं आम्ही धरून चाललो होतो. नंतर सामू तपासायची पट्टी पाण्यात बुडवली तेव्हा ती जांभळट झाली. मोठ्या शेततळ्यात तेच तुकडे पडले असते तर बावीस लाख लिटर पाण्याने त्यांचा धक्का पचवला असता. छोट्या हौदात पचवायला पाणीच नव्हतं. पण मोठ्या तळ्यातही ताज्या सिमेंटच्या अंगाला लागून चुनखडीची पट्टी राहते आणि तिथे शेवाळ बराच काळ धरत नाही.

समुद्रातली कडी का यशस्वी होते, याचं उत्तर इथे आहे. समुद्राच्या अफाट पाण्यात सुटलेला चुना वाहून जातो, काही महिन्यांत कडीचा पृष्ठभाग शांत होतो, लाटा आणि शंखशिंपले त्याला खरखरीत करतात, आणि कडीला दोन्ही बाजूंनी उघडी पोकळी असल्याने मासे ये-जा करतात. विहिरीतली कडी गुळगुळीत साच्यातून निघालेली, एकावर एक चढवून फटी बुजवलेली, मागे मातीला टेकलेली. दोष सिमेंटचा कमी, मांडणीचा जास्त.

तेव्हा सिमेंटची वस्तू वापरायचीच असेल तर अठ्ठावीस दिवस पाणी मारून पक्की होऊ द्या. मग ती वेगळ्या टाकीत बुडवून दर आठवड्याला पाणी बदला. टाकीतलं पाणी आणि साधं पाणी यांचा सामू पट्टीवर सारखा दिसू लागला की ती तळ्यात जायला तयार झाली. पट्ट्या मत्स्यालयाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात मिळतात. ओतताना पीपीसी सिमेंट घेतलं तर बरं, कारण त्यात राख मिसळलेली असते आणि ती सुटणारा चुना काही प्रमाणात बांधून ठेवते. साच्याला तेल फासण्याऐवजी वाळू भुरभुरली, वर झाडू फिरवून खाचा पाडल्या, तर पृष्ठभाग खरखरीत होतो. पाच-दहा वर्षं पावसात पडून असलेली जुनी कडी किंवा जुन्या पुलाचा पाइप मिळाला तर त्याहून उत्तम; त्याचा चुना पावसाने कधीच धुतलेला असतो. औष्णिक केंद्राची सुटी राख मात्र तळ्यात नको. १९८० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात राखेचे ठोकळे बुडवून पाहिले होते खरे, पण ते सिमेंट-चुन्याने घट्ट बांधलेले ठोकळे होते. सुट्या राखेतली जड द्रव्यं छोट्या तळ्यात सरळ पाण्यात उतरतील.

जे टाकूच नये

टायर नको. टायरमधून जस्त झिरपतं, आणि टायर टिकावा म्हणून रबरात मिसळलेल्या एका रसायनापासून तयार होणारं द्रव्य अमेरिकेत सामन माशांचा जीव घेतं, हे २०२० मध्ये उघड झालं आहे. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे नकोत. तांब्याची तार, जुन्या मोटारीचं वाइंडिंग नको. जहाजाच्या तळाला पूर्वी तांब्याचा पत्रा ठोकत तो त्यावर काही वाढू नये म्हणूनही. औषधाचे ड्रम आणि डबे तीनदा धुतले तरी नकोत. साधा प्लॅस्टिकचा पाइप विषारी नाही, पण गुळगुळीत आहे. वापरायचा तर खरकागदाने घासून घ्या आणि उन्हाने ठिसूळ झाला की काढून टाका.

पन्नीवर शेवाळ वाढत नाही असं नाही, वाढतं. पण ती इतकी निसरडी की त्यावर काहीच टिकून राहत नाही. माणूसही नाही. शेततळ्यात पाय घसरून मुलं बुडाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात. तळ्यात बांबू लावायचेच आहेत तर त्यातले चार जास्त आणा. चारही बाजूंच्या उतारावर पाण्यापासून काठापर्यंत बांबूची शिडी किंवा जागोजाग गाठी मारलेला जाड दोर पक्क्या खुंटीला बांधून सोडा. हे काम मासे सोडण्याच्या आधी करा.

मांडणी

पन्नीच्या तळ्यात बांबू रोवता येत नाही. दोन काठांच्या खुंट्यांना दोर ताणा, त्यावर आडवे बांबू बांधून चौकट करा आणि तुऱ्हाट्यांच्या पेंढ्या तिला उलट्या टांगा. पेंढीला खाली वाळूची छोटी पिशवी बांधली की ती वाऱ्याने हलत नाही. बांबूच्या पेरावरच्या काटेरी गाठी कोयत्याने सपाट करा, टोकांना गोणपाट गुंडाळा. पाणी उतरेल तसा दोर सैल करावा लागतो, नाहीतर चौकट हवेत लटकते. पंधरा दिवसांनी एकदा बघितलं तरी पुरतं. सगळी मांडणी तळ्याच्या एका तृतीयांशात ठेवा, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हपासून दूर. उरलेलं तळं मोकळं राहिलं तर जाळं ओढता येतं. आसऱ्याच्या जागी मरळ येऊन बसली तर ती बोटुकली खाईल, म्हणून नाल्याचं पाणी घेताना तोंडाला बारीक जाळी हवी.

मातीच्या जुन्या गावतळ्याची गोष्ट वेगळी. तळी खोल करून निघालेला गाळ-मुरूम महामार्गाच्या कामाला द्यायचा ‘बुलढाणा पॅटर्न’ आपल्या जिल्ह्याने देशाला दाखवला आणि त्याने पाणीसाठा वाढला. माझं एवढंच म्हणणं आहे की यंत्राने तळ परातीसारखा सपाट करताना दोन-चार ठिकाणी मोठ्या दगडांचे ढीग सोडून द्यावेत. पोकलेनला ते दहा मिनिटांचं काम आहे. पुढे पाणी भरल्यावर तेच करायचं तर होडी लागेल. पण तलाव किंवा नळगंगेसारखं धरण कोणा एकाचं नसतं. मासेमारीचा ठेका मत्स्य सहकारी संस्थेकडे असतो, पाणी पाटबंधारे खात्याकडे किंवा ग्रामपंचायतीकडे. आपल्या मनाने टाकलेल्या फांद्यांत भोई बांधवांची जाळी फाटतात. आधी त्यांना विचारा, ढीग कुठे हवा ते त्यांना जास्त कळतं. मग मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात रीतसर कळवा.

चौकट लावल्यावर पंधराव्या दिवशी एक पेंढी वर ओढा. काडी दोन बोटांत धरून खाली सरकवा. बोटांना तपकिरी-हिरवा बुळबुळीत थर लागला तर थर धरला आहे. काडी कोरडी खरखरीत लागली तर पाणी अजून गढूळ असेल किंवा पेंढी फार खोल असेल. फूटभर वर घ्या. काळा थर आणि कुजक्या अंड्याचा वास आला तर पाला राहिला होता, पेंढी बाहेर काढून उन्हात टाका. काडीवर बारीक खरवडल्याच्या रेघा दिसल्या तर रोहू जेवायला आला आहे. उन्हाळ्यात मासे काढायच्या आठवडाभर आधी चौकट सोडवून काठावर आणा. तुऱ्हाट्या वाळवून चुलीला जातील, बांबू सावलीत आडवे ठेवले तर पुढच्या श्रावणात पुन्हा पाण्यात उतरतील.